गाडीचा पिक्चर

रविवारी जेवणं झाली की आई म्हणते,
लाव गं तो गाडीचा पिक्चर.
पिक्चरला नाव आहे, नायक आहे,
नायिकेला क्षयसुद्धा आहे,
पण आमच्या घरात तो गाडीचाच.

पहिला पाऊण तास ती डुलक्या काढते.
मग वाघबिळाचं वळण येतं
आणि चष्मा पुसून सरळ बसते.

आली.
गोल दिव्यांची, बुटकी, शेवाळी फियाट.
पडद्यावर करडी; तिथं सगळंच करडं.
डावा मडगार्ड चेपलेला,
गंगावेशीतल्या म्हशीनं दिलेली पोच ती.
वायपर एकच. दुसरा तात्या डिकीत ठेवायचे,
चोरीला जाऊ नये म्हणून.

स्टुडिओवाल्यांना हवी होती जमीनदाराची गाडी.
तात्या गुळाच्या अडतीवर दिवाणजी,
गाडी शेठनी टाकलेली, हप्त्यानं घेतलेली.
तरी दोन दिवस धुतली त्यांनी,
चिंच लावून बंपर घासला.
ठरलं होतं दिवसाला चाळीस रुपये आणि जेवण.
जेवण मिळालं.

नायिका मागच्या सीटवरून उतरते,
दरीकडे तोंड करून उभी राहते.
पांढऱ्या साडीवर मागं एक डाग, पंजाएवढा.
बघणाऱ्याला सावली वाटेल.
तो गुलाल आहे, चैत्रातल्या जोतिबाचा,
सीटच्या शिवणीत वर्षभर मुरलेला.
आम्ही पाच भावंडं त्यावरच बसायचो दाटीवाटीनं,
शाळेच्या स्कर्टवर तोच शिक्का.
ती बिचारी खोकत खोकत
आमच्या देवाचा रंग घेऊन मरते
आणि दिग्दर्शकाला पत्ता नाही.

मग नायक एकटाच गाडी काढून निघतो.
म्हणजे, निघत नाही.
त्याला गाडी येत नव्हती,
आणि त्या दिवशी गाडीलाही काही येत नव्हतं.
दस्तगीर मिस्त्री उद्यमनगरातून निघाला होता म्हणे,
कार्ब्युरेटर रुमालात बांधून.
ऊन कलायला लागलं तसा कॅमेऱ्यावाला ओरडू लागला.
तेव्हा तात्या म्हणाले,
उतार हाय की, सोडूया.
आणि नायकाच्या कानाशी लागून,
मधला दाबायचा सायेब. ध्येनात ठेवा. मधला.

त्या शॉटमधल्या त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख
फार वाखाणलं गेलं.
तो मधला कुठला ते आठवत होता.

पडद्यावर इंजिन घुमतं, भारदस्त, एका दमात.
दरवेळी आई म्हणते,
ह्यो आवाज आपल्या गाडीचा न्हवं.
आपली आधी खोकायची,
मग गप्प व्हायची,
मग तुझ्या तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला
की लागायची एकदम, जणू काही झालंच नव्हतं.

गाडी पुढं निपाणीच्या एका तंबाखूवाल्याकडं गेली.
त्यानंतरचं आम्हाला ठाऊक नाही.

वळणावर ती दिसेनाशी होते.
रस्ता मोकळा.
ढकलणारे तिघे आधीच झुडपात लपलेले,
पण रस्त्याच्या मधोमध
एक चप्पल राहिलीय. कापशी, अंगठा झिजलेला.
कुणाच्या लक्षात आली नाही, कापायची राहून गेली.

त्या रात्री तात्या एका पायात चप्पल घालून घरी आले.
आईनं विचारलं तर म्हणाले,
असू दे. पिक्चरमधी गेली.

थांबव, आई म्हणते.
मी थांबवते.
ती टीव्हीच्या अगदी जवळ जाते,
वाकून बघते,
आणि म्हणते, डाव्या पायाची हाय.