कपाटाच्या दारावरची माणसं

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज
आठवड्यातून दोनदा यायची,
तीही दारातूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी.
आमच्या जिन्यावर अकरा बिऱ्हाडं
आणि पेटती शेगडी एकच:
तिसऱ्या मजल्यावर, नाझीब्रोलामावशीकडे.
खिडकीची एक काच काढून
तिथून धुराडं बाहेर काढलं होतं.

येताना ज्यानं त्यानं बसायला आपली खुर्ची आणायची
आणि जाळायला काहीतरी.
वारलाम चांभारानं बुटांचे लाकडी साचे आणले, जोडीजोडीनं.
गावातले पाय एकेक करून जळताना
तो मापं पुटपुटत राहायचा: एकोणचाळीस, बेचाळीस.
त्सित्सिनोनं पियानोचं झाकण आणलं.
ओतियानं काहीच आणलं नाही.
तो सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या शेवटी उठायचा,
आणि त्याला कुणी काही बोलायचं नाही.

मावशी शाळेत चित्रकला शिकवायची,
पगार सहा महिने थकलेला.
रंगांच्या नळ्या उरल्या होत्या तीन:
गेरू, काळा, आणि पिळून पिळून चपटा झालेला लाल.
कॅनव्हास तर केव्हाच संपलेला.
एका रात्री तिनं बिजागऱ्या खोलल्या
आणि कपाटाचं दार भिंतीला टेकवलं.
आम्हाला वाटलं, आता हेही जाळणार.

हलू नका, असं ती म्हणाली नाही.
थंडी इतकी, की हलणं भागच होतं.
म्हणून चित्रात गुलिकोला तीन हात आहेत:
एक शेगडीकडे,
एक शालीत,
एक वारलामच्या ताटलीत भाकरीचा तुकडा सरकवताना.
मावशीनं एकही पुसला नाही.
त्यातला खरा कुठला, म्हणाली, मला काय माहीत?

चेहरे अर्धेच, कारण उजेड अर्धाच.
लाल तिनं कुणाच्या गालाला लावला नाही, ओठाला नाही,
सगळा ओतला शेगडीच्या फटीत, रेघभर.
बाकी सगळी माणसं त्या रेघेची देणेकरी.

दाराला किल्लीचं भोक होतं.
ते आलं नेमकं मक्याच्या भाकरीत.
ओतिया म्हणाला, बुजव ना गं ते.
मावशी ब्रश धूत म्हणाली,
भाकरीला भोक पडलंय हे काय चित्रातच पडलंय?
तेव्हा आम्ही हसलो.
ओतियासुद्धा, जरा उशिरा.

मी टेबलाखाली होतो.
चित्रात माझा एक मोजा आहे, अंगठ्याशी फाटलेला.
तेवढाच मी.

पुढे वीज आली ती राहिली.
ज्यानं त्यानं आपापली खुर्ची उचलली, जिना उतरला.
त्सित्सिनो अथेन्सला गेली, परक्या म्हाताऱ्यांची उठबस करायला.
पियानो अजून उघडाच आहे म्हणतात.
वारलाम मातीत.
गुलिको लेकाकडे, कुठे ते न सांगता.

दार मावशीनं पुन्हा बसवलं,
रंगवलेली बाजू आत.
भिंतीवर लाव की, म्हटलं मी.
नको, म्हणाली, गारठतील.

आता कपाट माझं.
चादर काढायला उघडतो तेव्हा भेटतात सगळी,
डांबरगोळ्यांचा वास येतो त्यांना.
माझी मुलगी हात मोजते,
ह्यातलं आपलं कोण, विचारते.
मी मोज्यावर बोट ठेवतो
आणि मग बोट तिथंच थांबत नाही.
दार लावलं की भाकरीतून
काडीएवढा उजेड आत, गोधड्यांवर पडत असणार.
आतून कधी पाहिलेलं नाही.

परवा ओतिया वर आला, कठड्याला धरत धरत.
हातात लाकडाचं एक ढलपं,
सालीसकट, चांगलं वाळलेलं.
राहिलं होतं, म्हणाला.

आमच्याकडे आता गॅस आहे.
मी ते घेतलं.
खालच्या कप्प्यात ठेवलंय, त्यांच्या पायाशी.