एकतीस अब्ज, एक कोटी

भुसावळ यार्ड, सात नंबरची लाईन, रात्रीचे पावणेतीन.
मे महिना. रुळावर टेकलं तर अजून ढुंगण पोळतं.
सुपडू वाघुळदे, नंबर टेकर,
डब्यावर टॉर्च मारतो आणि सावकाश वाचतो:
एकतीस अब्ज, एक कोटी, अठ्ठ्याण्णव लाख,
एकोणपन्नास हजार, आठशे एकसष्ट.
मी वहीत उतरवतो. ३१०१९८४९८६१.

एकतीस म्हणजे झाकलेला डबा.
शून्य एक म्हणजे मध्य रेल्वे.
अठ्ठ्याण्णव हे जन्मसाल.
त्याच साली मी बोदवडला गणितात नापास झालो,
म्हणजे नंबर दोघांनाही तेव्हाच पडला.
पुढचे चार त्याचे स्वतःचे.
आणि शेवटचा एक?
"तो वॉचमन हाये भो."

सम घरांतले अंक मिळवायचे, तिप्पट करायची: पंचाहत्तर.
विषम घरांतले, शेवटचा सोडून: चोवीस.
नव्व्याण्णव झाले.
शंभराला जो एक कमी पडतो
तो इथे पत्र्यावर उभा आहे, पांढऱ्या रंगात.
झोपेत कुणी चाराचा नऊ वाचला
की हा लगेच खाकरतो.

गाडीला सिग्नल नव्हता. दीड तास.
सुपडूने खिशातून खडू काढला,
गंजावरच तीन-तीन अंकांचे गठ्ठे बांधले.
एका पारड्यात आठशे एकसष्ट आणि एकोणीस,
दुसऱ्यात आठशे एकोणपन्नास आणि एकतीस.
इकडे आठशे ऐंशी.
तिकडे आठशे ऐंशी.
सावद्याला केळीच्या वजनाला
इतका सरळ काटा मी जन्मात पाहिला नाही.

"आता पाय. सात जातो, अकरा जातो, तेरा जातो."
आणि खरंच गेले, तिघंही, मागे काही न ठेवता.
उरले तीन कोटी नऊ लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे एकसष्ट.

याला मात्र काही जाईना.
सतराने तीन उरले. एकोणीसने तेरा.
त्र्याहत्तरला वाटलं, जमलं,
चार कमी पडले.
खडू चण्याएवढा झाला.
दीपनगरच्या चिमणीवरचा लाल दिवा
उघडझाप करत होता, कुणाचं ऐकत नव्हता.
सत्त्याण्णवने सत्त्याहत्तर उरले
आणि धक्का बसला. डबा हलला.

सुपडू चार पावलं सोबत चालला, खडू टेकवून,
उत्तराखाली ओढायची रेघ
पत्र्यावर वाकडी लांब होत गेली.
मग हात सुटला.
भागाकार खांडव्याकडे गेला.

"फुटते का नाही, समजलंच नाही," तो म्हणाला.
पाच हजार पाचशे सहासष्टपर्यंत जावं लागेल,
तोवर कुणी गेला नाही तर तो कुणाचाच नाही.
जूनअखेर तो रिटायर होतो.
डबे वाचायला मशीन येणार आहे म्हणे,
ते चुकणार नाही, आणि थांबणारही नाही.

वही माझ्याकडे आहे.
काल ड्युटी संपल्यावर
टपरीवर चहा निवत ठेवून
एकशे एकने भागून पाहिलं.
एक्केचाळीस उरले.