एकतीस विरुद्ध सव्वीस

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली.
विषय क्रमांक सात: घर नंबर एकशे बाराच्या उताऱ्यावर
माझ्या नावाखाली भार्गवचं नाव लावावं की नाही.
सहा होता जेटीवरचा दिवा. आठ, मोकाट गुरं.

ग्रामसेवक म्हणाले, हात वर करा.
सगळे हात ओळखीचे.
रापण ओढताना दोरावर माझ्या पुढेमागे असतात तेच.
शेवंतीच्या मनगटाला सकाळचे खवले,
टिकमांच्या थोट्या करंगळीचं वरचं पेर
समुद्राने कधीच ठेवून घेतलेलं.

भार्गव बाहेर सुरूखाली पाठ करून उभा,
एकाच चपलेतली वाळू झटकत, कितीतरी वेळ.

मोजणी दोनदा झाली,
कारण धोंडू मेस्त्रीने हात अर्धाच वर केला होता.
विचारलं तर म्हणाला, खाजयत होतंय.

एकतीस. विरुद्ध सव्वीस.

संध्याकाळी सरपंचबाई पेढे घेऊन आल्या.
'गावान तुमका आपले मानल्यान हां.'
मी हो म्हटलं. पेढा खाल्ला. गोड होता.
मनोहरचं लग्न झालं मागच्या वैशाखात,
ते कितव्या विषयात मंजूर झालं होतं,
विचारायचं राहूनच गेलं.

रात्री हिशेब करत बसलो.
रापणीचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, मग माणशी एकेक.
तिथे कोणी विचारत नाही
ओढणारा कोणाच्या कुशीत निजतो.

पाच हात.
जांभ्याचे चिरे बांधताना मोजले होते, पैसे द्यायचे म्हणून.
घर त्यांच्यावर उभं आहे असं वाटायचं.

श्रावणात चंद्रभागाकाकी गेली.
मी खांदा दिला, रडलो, खरंच रडलो,
आणि स्मशानातून परतताना मनात आलं: चार.
ओहोळात पाय धुताना
स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

गणपतीनंतर मोंडकरांचा थोरला बोटीवर लागला. तीन.
धोंडू मेस्त्री वाटेत भेटला की हल्ली मी
जरा जास्तच वाकून नमस्कार करतो.

उतारा आला काल. दोन नावं, शिक्का पुसट.
भार्गवने तो पत्र्याच्या पेटीत तळाला घातला,
वर गोधडी दाबली,
आणि विचारलं, सुके बांगडे किती उरलेत रे?

असतील, म्हटलं.
मोजायला उठलो नाही.