कॅसेट न घालता

अण्णांच्या उत्तरकार्याला काय लावायचं
यावर आम्ही दोन रात्री भांडलो.

सातापाला सनई हवी होती.
वहिनी गोकाकची, ती म्हणाली, एक तरी वचन असू दे,
मामंजींची निम्मी गिऱ्हाइकं कन्नडच होती.
काकांनी पेटीवरचं भजन सुचवलं,
आणि पुण्याच्या जावयानं फोनवर
कसली तरी परदेशी बासरी पाठवली
जी ऐकून आईला दाताच्या डॉक्टरची खोली आठवली.

निपाणीत चाळीस वर्षं
पिराजी खोत, रेणुका साउंड सर्विस,
लोकांची लग्नं, मयतं, बारशी, प्रचारसभा
दोन कर्ण्यांतून गावाला ऐकवत आले,
आणि त्यांच्यासाठी आमच्याकडे एक गाणं नव्हतं.

मग ट्रंकेतून वही निघाली,
वखारीच्या जुन्या तंबाखूच्या पावत्या शिवलेली,
मागच्या कोऱ्या बाजूला अण्णांचं अक्षर,
मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपणाऱ्या ओळी,
ते बोलायचेही तसेच.

*अकोळ. हुद्दारांची आई. सनई. भैरवी नको, म्हातारी हसरी होती.*

*बिडीवाली शेवंता. बायका म्हणाल्या, आम्हीच म्हणतो.
माईक दिला. भाडं घेतलं नाही.*

*चिकोडी रोड. सावकार. आवाज सातवर. रडायला माणसं कमी.*

*मास्तरांचा पोरगा. वय सोळा.
काही लावलं नाही. मशीन नेलं, परत आणलं.*

शेवटच्या पानावर स्वतःसाठी काही लिहिलं असेल
म्हणून मी घाईनं उलटलं,
तर दोन फ्यूज, कुणाची तरी तीनशे उधारी,
आणि *सातापाला बूट.*
बूट आले होते का, ते सातापाला आठवेना.
तो बराच वेळ पायांकडे बघत बसला.

आई तांदूळ निवडत होती.
म्हणाली, त्यांनी जन्मात एक गाणं पुरतं ऐकलं न्हाई.
गाणं लागलं की हे भाईर,
कर्ण्याचं तोंड कुठं फिरलंय बगायला.
त्यांचं ऐकणं त्याच्या आदी.
मशीन तापतं तवा.

उत्तरकार्याच्या सकाळी सातापानं
व्हॉल्व्हच्या जुन्या अँप्लिफायरवरची धूळ पुसली,
एक कर्णा जत्राट वेशीकडे, एक देवळाच्या अंगाला,
माईक फोटोपुढे.
लाल दिवा लागला.
थोड्या वेळानं ती घरघर आली,
पोळ्यातून येते तशी, गोड नाही, पण सलग.
कॅसेट घातली नाही.

लोक अवघडले.
पाटलांनी बोट फिरवून विचारलं, सुरू करा की.
सातापानं मान हलवली. सुरूच आहे.

मग त्या घरघरीत एकेक येत गेलं.
तांब्या ठेवल्याचा आवाज. खोकला.
वळणावर चिकोडीची गाडी.
दारात वहिनीचं बर्री, कुंदर्री,
त्याच्यावर काकूचं बसा की हो,
एकच सतरंजी, दोन्ही भाषांत अंथरलेली.
आणि आईनं नाक ओढलं ते,
सगळ्या वेशीला गेलं इतकं मोठं.

ती दचकली. माईककडे बघितलं.
पुढे सरकली, मग थोडी मागे,
वीतभर अंतर ठेवून, त्यांनी शिकवलं होतं तसं,
आणि म्हणाली,
आवाज येतोय न्हवं?

गल्लीच्या टोकाहून कुणीतरी ओरडलं,
बरतैत्री, वैनी!

तेवढ्यात फ्यूज उडाला.
सातापा तार शोधत राहिला,
वहीत लिहिलेले ते दोन कुठे ठेवलेत
हे सांगणारा फोटोत होता,
आणि आतून हाक आली
की चहा निवतोय.