शून्य पूर्णांक बेचाळीस

टॅक्सी रोज सकाळी मेलेली असते, म्हणतो ओपोकू,
आणि मी तर रात्री सगळं बंद करून झोपतो.

कुमासीच्या गॅरेजात सेरवा बॉनेट उघडते.
व्होल्ट मोजायला बाहेर उभं राहिलं तरी चालतं, ती मला सांगते,
दोन टोकांना हात लावायचा, ताप बघितल्यासारखा.
करंटचं तसं नाही.
करंट मोजायचा तर वाट तोडावी लागते
आणि तुटल्या जागी स्वतः उभं राहावं लागतं.

लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात.
(गेल्या महिन्यात मी चुकलो होतो;
मीटरचा फ्यूज आणि माझा अर्धा पगार एकदमच गेले.)
काळी केबल सुटली. मध्ये मीटर.
शून्य पूर्णांक बेचाळीस.
काहीतरी जागं आहे, सेरवा म्हणते.

मी एकेक फ्यूज उपटतो. हॉर्न, बेचाळीस.
रेडिओ, बेचाळीस. ओपोकू नखं खातो.
सातव्याला आकडा घसरतो:
शून्य पूर्णांक शून्य तीन.

डॅशबोर्डचा कप्पा. झाकणाची कळ झिजलेली,
आत बोटाएवढा दिवा,
आत्ताच विझलेला, तरी चटका देणारा.
कितीतरी रात्री तो बंद कप्प्यात
मुलीच्या नर्सिंग कॉलेजची पावती वाचत बसला होता,
शेजारी अर्धी उरलेली शेंगदाण्यांची पुडी.

ओपोकू पावतीची घडी खिशात घालतो. बोलत नाही.

उरलेल्या तीनचं काय करायचं, मी विचारतो.
राहू दे, सेरवा म्हणते, केबलचा नट आवळत,
घड्याळाला वेळ लक्षात ठेवायला
तेवढं लागतंच.