जेटी

शब्द आला तेव्हा त्याच्यासोबत
सिमेंटच्या गोणी होत्या, एक मुकादम होता
आणि दोर बांधायला लाल रंग दिलेले सहा खुंटे.
त्याआधी इथे धक्का होता.
त्याआधी नुसता खडक, शेवाळ धरलेला,
त्याला नावही नव्हतं, "तिथे" म्हणत.

मग सगळेच म्हणू लागले.
जेटीवर गेलाय. जेटीवर ये.
जेटीवर बसून मेल्या पोट भरणार काय तुझं?
अर्थ कोणी विचारला नाही.
आत्याला कुठे विचारतो आपण
तुझ्या नावाचा अर्थ काय म्हणून.

मी अर्ज लिहितो. तहसीलसमोर,
झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर टेबल, बत्तीस वर्षं.
माझ्याकडे एक जाड इंग्रजी शब्दकोश आहे,
बंदरखात्यातल्या साहेबाने बदलीच्या वेळी टाकून दिलेला.
(टाकून दिलेला. हे लक्षात असू द्या.)

द्वारका डोर्लेकर आली मंगळवारी,
टोपली खाली न ठेवताच म्हणाली,
प्रोजेक्ट येतोय. जेटी चारशे मीटर लांबवणार,
कोळशाचे बार्ज लागणार, आमची होडकी कुठे लावू?
ऑब्जेक्शन घाला.
टोपलीतलं पाणी अर्जाच्या कागदावर ठिबकलं.

रात्री शब्दकोश उघडला. कसर लागलेली पानं.
जेटी: जुन्या फ्रेंच भाषेतून. फेकलेली.
एवढंच.
जमिनीने समुद्रात फेकलेला हात.
आणि खाली, बारीक अक्षरात, सगळी भावकी,
एकाच सातबाऱ्यावर नावं चढलेली,
एकमेकांशी बोलणं नसलेली:
प्रोजेक्ट, पुढे फेकलेला.
ऑब्जेक्शन, वाटेत आडवं टाकलेलं.
रिजेक्ट, परत फेकलेलं.
इंजेक्शनसुद्धा. आत फेकलेलं.
मूळपुरुष एक, लॅटिन, फेकणारा.
काय फेकायचा, कुणावर, ते लिहिलेलं नाही.

हसू आलं. मग नाही आलं.
आपण तरी काय कमी?
आपण क्रियापदाच्या शेपटीला टाकणं बांधतो,
काम हातावेगळं झालं असं वाटावं म्हणून.
विकून टाकली. सही करून टाकली.
वरच्या आळीतली कलमं, बावीस, तोडून टाकली.
एकदाचं बोलून टाक.

सकाळी अर्जावर लिहिलं: सक्त हरकत आहे.
शेजारी कासम सोलकर बसला होता, पोराच्या दाखल्यासाठी.
म्हणाला, हरकत? आमच्यात हरकत म्हणजे हालचाल.
मुडदा हरकत करत नाही, जिता करतो.
मी पेन थांबवलं.
बत्तीस वर्षं हा शब्द लिहितोय,
दार लावल्यासारखा.

"विषय:" ही ओळ मात्र भरवेना.
त्या कोशात सब्जेक्ट म्हणजे
खाली टाकलेला. पायाखाली.
द्वारकाला विचारलं, विषय काय लिहू?
ती म्हणाली, माझं नाव लिवा.

जनसुनावणी गुरुवारी होती, मंडप, पंखे,
पाण्याच्या बाटल्या. द्वारकाला दोन मिनिटं मिळाली.
ती काय बोलली ते इतिवृत्तात अर्ध्या ओळीत आहे.

परतताना जेटीवर थांबलो.
ओहोटी. कासम गुडघाभर पाण्यात,
पाग खांद्यावर, एक काठ दातात धरलेला.
अंगाला पीळ दिला आणि सोडला.
जाळं हवेत गोल उघडलं, पाण्यावर बसलं,
शिशाच्या मण्यांचा आवाज.
दोरी त्याच्या मनगटाला होती.

तीन बोय आल्या, एक बोटाएवढी.
ती त्याने पाहिली, उलटसुलट केली,
परत टाकली.
मी विचारणार होतो, कासम,
ह्याला तुमच्यात काय म्हणतात.
पण त्याच्या दातात परत जाळं होतं.