श्वास वगळून

साथ आली तेव्हा आम्ही तलाव रिकामा केला.
गाव चारशे माणसांचं, फियोर्डच्या कुशीत,
आणि तलाव सोळा मीटरचा, गरम झऱ्याचा.
पाणी जायला पूर्ण रात्र लागली.
मी झडपेजवळ स्टूल टाकून बसलो.
सकाळी तळाशी सापडलं: केसांची पिन, दुधाचा दात,
आणि पोस्टमास्तरांचा चष्मा,
ज्याच्यासाठी जानेवारीत अख्खं गाव उलथंपालथं केलं होतं.

स्टेनवर शिडीनं खाली उतरली, म्हणाली, हाच वर्ग.
काळ्या रेघा आखलेल्याच आहेत.
मी तरीही टेप लावला.
दोन मीटरला चार बोटं कमी भरली.
मग बाहुल्या तिरक्या मांडल्या,
एक उथळ टोकाला, एक खोल,
एक उथळ, एक खोल.
वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं,
चौघं बुडून राहिलेत आणि पाणी तेवढं निघून गेलंय.

मी ब्रोनिस्लाव. ग्दिनियाहून आलो, बारा वर्षं क्लोरीन मोजतोय.
बाहुल्यांची फुप्फुसं बदलतो तोही मीच:
छातीचं झाकण उघडायचं, जुनी पिशवी काढायची, नवी लावायची.
पूर्वी सहा जणांत एक बाहुली फिरायची,
या तोंडाची त्या तोंडाला,
मध्ये फक्त स्पिरिटचा बोळा.
आता प्रत्येकाला स्वतःची, कपाळावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव.
स्टेनवरसाठी उरली नाही;
तिनं गुंडाळलेल्या चटईवर दाखवलं.

गाल त्याच्या नाकाशी नेऊ नका.
ऐकू नका, बघा. छाती हलते का, लांबूनच.
तोंडावर फडकं टाका.
आता दाबा, पाच सेंटिमीटर, आणि पूर्ण सोडा.
एट्न, त्वेइर, थ्रीर, फ्योरिर,
रिकाम्या टाइल्सनी चौघांचे चाळीस केले.
बाहुल्या टकटक वाजत होत्या.
मास्कच्या आत इस्लेइफुरचा चष्मा धुकट झाला,
तरी तो मोजत राहिला.

आणि श्वास? कोल्फिन्नानं विचारलं.
आपल्याकडे माणूस मरतो तो बुडून.
बुडालेल्याला पहिली हवा लागते.

स्टेनवर काही बोलली नाही.
अकरा वर्षांपूर्वी, धक्क्यावर,
सहा वर्षांच्या एका पोरात ती फुंकत राहिली होती,
त्याच्या तोंडातून समुद्र तिच्या तोंडात येत होता,
मासळीच्या तेलाची चव, नंतर आठवडाभर कॉफीतही तीच.
तो पोरगा आता दुसऱ्या लेनमध्ये गुडघ्यांवर होता, योरुंदुर.
त्याला त्यातलं काही आठवत नाही.
सांगितलेलं तेवढं ठाऊक आहे.

मग तिनं रबरी पिशवी काढली, तिला गाळणी लावली.
याला दोघं लागतात, म्हणाली,
एकानं मुखवटा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, दुसऱ्यानं दाबायचं.
पण शेजारी शेजारी बसायचं कुणी?
इस्लेइफुर आणि कोल्फिन्ना, बाप-लेक, एका घरातले.
त्यांनी केलं. बाकीच्यांनी लांबून पाहिलं,
हात मांडीवर, नुसत्या मुठी आवळत.

जाता जाता ती शिडीवर थांबली.
पुस्तकात एक ओळ आहे, म्हणाली,
घरातलंच माणूस असेल, तर त्याची हवा
रात्रभर तुमच्या छातीत असतेच.
तेव्हा द्या.
योरुंदुरनं विचारलं, घर म्हणजे कुठपर्यंत?
तिनं वर चढायला सुरुवात केली.

संध्याकाळी मी सवयीनं झाकणं उघडली.
पहिली पिशवी कोरी, घडीसुद्धा मोडलेली नाही.
तिसरी, चौथी, तशीच.
दुसरी फुगून बसलेली,
आत बारीक दव.

मी ती जाळायच्या डब्यात टाकली.
बाहुलीचं तोंड दोनदा पुसलं, मग तिसऱ्यांदा.
कपाळावरची पट्टी सोलली,
नाव वाचायचं राहून गेलं.
वहीत लिहिलं:
बाहुल्या चार. सगळ्या स्वच्छ.